कदाचित विठोबा

माझ्याकडे एक जुनी दोनशे पानी वही आहे. तिच्या प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने रेघ ओढलेली आहे आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना जगातले निरनिराळे धर्म समोरासमोर बसवलेले आहेत. मनूसमोर नोहा, मेरूसमोर ऑलिंपस, पेटीत घालून नदीत सोडलेल्या कर्णासमोर टोपलीत घालून सोडलेला मोझेस, आणि त्या दोघांच्या खाली उरलेल्या जागेत दाटीवाटीने अक्कडचा राजा सार्गोन, कारण त्याचीही कथा तशीच आहे. विशीत असताना मी ही वही भरत होतो. सर्व प्राचीन धर्म एकाच लुप्त ज्ञानातून निघाले, ते ज्ञान मोजक्या दीक्षितांनी जपून ठेवले आणि पुराणकथा म्हणजे त्याच ज्ञानाची मुद्दाम धूसर केलेली सांकेतिक भाषा आहे, या कल्पनेने तेव्हा मला झपाटले होते. माणसे देवावरून भांडतात ती केवळ विसरल्यामुळे, आणि कोणी नीट आठवण करून दिली की भांडण मिटेल, असे एक मोठे आश्वासन त्या कल्पनेत होते. ते आश्वासन मला आजही हास्यास्पद वाटत नाही.

वहीच्या शेवटाकडे एक यादी आहे. क्रुसावर चढवलेल्या सोळा तारणहारांची ती यादी मी एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या आधाराने उतरवून घेतली होती. तीत कृष्ण आहे, इंद्र आहे, मिथ्र आहे, प्रोमिथियस आहे आणि 'विट्टोबा' नावाचा एक देव आहे. त्या नावापुढे मी शिसपेन्सिलीने 'दक्षिणेकडचा?' असे लिहून ठेवले आहे. हा विट्टोबा कोण, हे मला कळायला बरीच वर्षे जावी लागली. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण मधली वाट लांबची आहे.

ही वाट युरोपात जिथून सुरू होते ते ठिकाण फ्लॉरेन्स. १४६० च्या सुमारास एका ख्रिस्ती साधूने काही ग्रीक हस्तलिखिते तिथल्या कोसिमो दे मेदिची या धनाढ्य सत्ताधीशाकडे आणली. मार्सिलिओ फिचिनो हा विद्वान तेव्हा प्लेटोचे संवाद लॅटिनमध्ये उतरवण्याच्या तयारीत होता. कोसिमोने त्याला सांगितले की प्लेटो राहू दे, आधी हे कर. कोसिमो म्हातारा झाला होता आणि मरण्यापूर्वी त्याला हर्मीस ट्रिसमेजिस्टस, म्हणजे 'त्रिवार थोर हर्मीस', याची वचने वाचायची होती. इजिप्तचा थोथ आणि ग्रीकांचा हर्मीस यांच्या मिश्रणातून घडलेला हा ज्ञानी पुरुष मोझेसच्या काळातला आहे आणि ऑर्फियस, पायथागोरस, प्लेटो हे सगळे त्याच्याच परंपरेतले आहेत, अशी तेव्हाची समजूत होती. फिचिनोने १४६३ मध्ये चौदा प्रकरणांचे भाषांतर पुरे केले आणि पुढच्याच वर्षी कोसिमो वारला. मृत्यू जवळ आलेला माणूस प्लेटोला थांबायला लावतो, हे दृश्य मी वहीत उतरवून घेतले नव्हते, पण विसरलोही नाही. एका आद्य ज्ञानाची तहान किती खरी असू शकते हे मला त्यातून समजते. सिएनाच्या कॅथीड्रलच्या फरशीवर १४८८ च्या सुमारास या हर्मीसचे चित्र संगमरवरात जडवले गेले आणि त्याखाली 'मोझेसचा समकालीन' असे कोरले गेले. ख्रिस्ती प्रार्थनास्थळात पाय ठेवताच समोर इजिप्तचा ऋषी, इतका त्या काळचा विश्वास पक्का होता.

तो विश्वास १६१४ मध्ये आयझॅक कॅझोबाँ या भाषापंडिताने मोडला आणि त्यासाठी त्याने धर्माचा आधार घेतला नाही, व्याकरणाचा घेतला. हा ग्रंथ मोझेसच्या काळी इजिप्तमध्ये लिहिला गेला असेल, तर त्यात फिडियस या ग्रीक शिल्पकाराचा उल्लेख कसा येतो? हे इजिप्शियन भाषेतून केलेले भाषांतर असेल, तर केवळ ग्रीकमध्येच साधणाऱ्या शब्दांच्या कोट्या त्यात कुठून आल्या? इतक्या उशिराच्या ग्रीकमधले शब्द एवढ्या जुन्या माणसाच्या तोंडी कसे? हे लेखन ख्रिस्ती सनाच्या पहिल्या काही शतकांतले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो टिकला. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीला सापडलेल्या कॉप्टिक (म्हणजे उत्तरकालीन इजिप्शियन) भाषेतल्या हस्तलिखितांनंतर या ग्रंथांमागे इजिप्तच्या देवळांतला विचारही काही प्रमाणात असावा, असे अभ्यासक मानू लागले आहेत. पण वय मात्र कॅझोबाँने सांगितले तेच राहिले. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. दीडशे वर्षे लोकांनी ज्या खांबाला पाठ टेकली होती तो त्याने एका शिल्पकाराच्या नावावरून पाडला.

पुढे मूळ सापडले नाही असे कधी झाले नाही. ते फक्त जागा बदलत राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९५ मध्ये, शार्ल-फ्रान्स्वा द्युपुई याने सर्व धर्मांचे मूळ सूर्य आणि राशिचक्र यांत आहे असे अनेक खंडांतून मांडले. हर्क्युलीसची बारा कामे म्हणजे बारा राशी, ख्रिस्त म्हणजे सूर्य, आणि राशिचक्राचे जन्मस्थान वरचा इजिप्त. त्याच्या मताच्या लोकांनी इजिप्तमधल्या डेंडेराच्या देवळातल्या राशिचक्राचे वय हजारो वर्षे मागे नेले होते. चित्रलिपी वाचता येऊ लागल्यावर ते देऊळ टॉलेमी आणि रोमन काळातले निघाले. पण द्युपुईचा खरा पराभव केला तो झाँ-बाप्तिस्त पेरेस याने १८२७ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या विडंबनाने. नेपोलियन नावाचा माणूस कधी झालाच नाही, तो सूर्य आहे, असे पेरेसने द्युपुईच्याच पद्धतीने सिद्ध करून दाखवले. नेपोलियन हे नाव अपोलोवरून आलेले. त्याचा जन्म भूमध्य समुद्रातल्या बेटावरचा, जसा अपोलोचा. आईचे नाव लेतित्सिया, म्हणजे अपोलोची माता लेतो. चार भाऊ म्हणजे चार ऋतू. बारा सेनानी म्हणजे बारा राशी. तो पूर्वेच्या समुद्रातून उगवला आणि पश्चिमेच्या समुद्रात मावळला. नेपोलियनला मरून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलेली लाखो माणसे जिवंत होती. मी हे वाचून मोठ्याने हसलो, आणि हसू ओसरल्यावर वही उघडून बसलो. माझ्या पानांवर बारांचे किती आकडे होते ते मोजायला मला लाज वाटली.

अशा सिद्धांतांना पुरावा कमी पडत नाही, कारण इच्छा स्वतःच पुरावा तयार करून घेते. याचे सर्वांत करुण उदाहरण काशीला घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला फ्रान्सिस विल्फर्ड हा अधिकारी तिथे राहून पुराणांत इजिप्त आणि ग्रीस शोधत होता. तो आपल्या पंडिताला पाश्चात्त्य कथा सांगे आणि संस्कृत ग्रंथांत त्यांच्या जोडीच्या कथा काढायला सांगे. पंडित त्या काढून देई. १७९२ च्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये पुराणांच्या आधाराने नाईल नदीचे वर्णन करणारा विल्फर्डचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला आणि विल्यम जोन्ससारख्या सावध विद्वानानेही त्याला आपली अनुमोदनाची पुस्ती जोडली. विल्फर्डला खरा प्रकार कळला तो बऱ्याच वर्षांनी: पंडिताने हस्तलिखितांत नावे बदलली होती, कुठे पाने बदलली होती आणि जिथे काहीच मिळाले नाही तिथे स्वतः श्लोक रचून घातले होते. मदतनिसांसाठी मिळणारे पैसे त्याने स्वतःकडे ठेवले होते, तेव्हा शोधण्यापेक्षा रचणे त्याला सोपे पडले. पकडला गेल्यावर त्याने दहा ब्राह्मणांना शपथेवर साक्ष द्यायला आणून उभे केले. १८०५ मध्ये विल्फर्डने हे सारे त्याच नियतकालिकात जाहीरपणे कबूल केले. या धक्क्याने आपली प्रकृती ढासळल्याचेही त्याने लिहिले आहे. त्याचा हा प्रामाणिकपणा मला त्याच्या साऱ्या संशोधनापेक्षा मोठा वाटतो. तरीही नाईलचा उगम शोधायला गेलेल्या जॉन स्पीकने १८६३ च्या आपल्या प्रवासवर्णनात विल्फर्डच्या पुराणोक्त नकाशाचा आदराने उल्लेख केलाच. कबुलीजबाब अफवेच्या वेगाने प्रवास करत नाही.

त्या पंडिताला लबाड म्हणून सोडून देणे मला जमत नाही. त्याच्यासमोर बसलेला माणूस साहेब होता, पगार देणारा होता आणि उत्तर आधीच ठरवून आलेला होता. 'असे काही आमच्या ग्रंथांत नाही' हे वाक्य त्या खोलीत रोजगाराच्या विरुद्ध जाणारे होते.

थिऑसॉफीविषयी मला थोडक्यातच लिहायचे आहे, कारण तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे अकारण कडवट आहे. मादाम ब्लाव्हात्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन केलेली ही संस्था १८७९ मध्ये मुंबईला आली आणि १८८२ मध्ये मद्रासजवळ अड्यारला स्थिरावली. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गुप्त विद्या आहे आणि ती हिमालयापलीकडच्या महात्म्यांनी जपली आहे, ही तिची मांडणी. १८८८ च्या ग्रंथात ब्लाव्हात्स्कीबाईंनी 'द्झ्यान'च्या श्लोकांचा आधार दिला; ते श्लोक सेन्झार नावाच्या भाषेत होते, आणि ती भाषा किंवा ते मूळ पुस्तक इतर कोणी कधी पाहिले नाही. या चळवळीने पुष्कळ सुशिक्षित हिंदी माणसांना आपल्या ग्रंथांकडे आदराने पाहायला शिकवले, हे मान्यच केले पाहिजे. माझी अडचण गुप्ततेची आहे. पुरावा मागितला की 'तो दीक्षितांनाच दिसतो', आणि पुरावा मिळत नाही हेच तो मौल्यवान असल्याचे लक्षण, असा युक्तिवाद एकदा स्वीकारला की सिद्धांत कधी हरू शकत नाही; आणि जो हरू शकत नाही तो काही शिकतही नाही. बौद्ध धर्माच्या पोटात गूढ शिकवण दडली आहे, असे या मंडळींनी सांगितले. पण महापरिनिब्बान सुत्तात वृद्ध बुद्ध आनंदाला सांगतो की आपण आत-बाहेर असा भेद न करता धर्म शिकवला, तथागताला 'आचार्यमुष्टी' नाही. काही राखून ठेवणाऱ्या गुरूची झाकलेली मूठ, हा शब्द इतका नेमका आहे की मला त्यानंतर कुठल्याही गुप्त विद्येची भुरळ पडलेली नाही.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला वाटेल की मी सगळी साम्ये निकालात काढली. तसे नाही, उलट खरे साम्य मिळते तेव्हा ते या कल्पनांपेक्षा कितीतरी विस्मयकारक असते. ऋग्वेदातला 'द्यौष्पितर्', ग्रीकांचा 'झ्यूस पातेर' आणि रोमनांचा 'ज्युपिटर' ही एकाच आकाशपित्याची नावे आहेत, आणि ती कानाला सारखी लागतात म्हणून नव्हे, तर या भाषांमधले ध्वनी कसे बदलतात याचे नियम शेकडो इतर शब्दांवर तपासलेले आहेत म्हणून. हेच नियम दिसणारे साम्य नाकारूही शकतात. लॅटिनमधला देववाचक 'देउस' आणि ग्रीकमधला 'थिऑस' हे दोन शब्द कोणालाही सख्खे भाऊ वाटतील. ते नाहीत. 'देउस' आपल्या 'देव' शब्दाचा सगोत्र आहे, 'थिऑस' वेगळ्याच धातूचा आहे. आपल्याकडे पु. ना. ओकांनी 'व्हॅटिकन'मध्ये 'वाटिका' पाहिली, तिथे कानाखेरीज दुसरा कुठला नियम नव्हता. आणि कान हा मोठा लाचखाऊ साक्षीदार आहे.

अवेस्ता, म्हणजे पारशांचा धर्मग्रंथ, आणि वेद यांचे नाते याहून जवळचे आहे. संस्कृतातल्या 'स'च्या जागी अवेस्तात ठरावीक ठिकाणी 'ह' येतो: सोम तिथे हओम, सप्त तिथे हप्त, असुर तिथे अहुर. सप्तच्या या दोन्ही वाटा मराठीत तर शेजारी शेजारी नांदतात, कारण 'सप्ताह' आपण संस्कृतातून घेतला आणि 'हप्ता' फारसीतून. विवस्वताचा पुत्र यम तिथे वीवङ्ह्वन्ताचा पुत्र यिम आहे, यज्ञ तिथे यस्न आहे, होता तिथे झओतर आहे. मूळ एक असल्याचा याहून चांगला पुरावा कोणी मागू नये. पण याच एकमूळ घराण्यात 'दएव' म्हणजे राक्षस, आणि 'अहुर' म्हणजे परमेश्वर. एका घरात ज्याची पूजा, दुसऱ्या घरात त्याचाच धिक्कार. भांडण विसरल्यामुळे होते आणि मूळ आठवले की मिटते, या माझ्या विशीतल्या श्रद्धेला हा शब्द सर्वांत जास्त लागला. इथे कोणी काही विसरले नव्हते. ते भाऊ होते आणि नेमके म्हणूनच भांडत होते.

याच प्रदेशात इतिहासाने एक मिस्कील योग जुळवून आणला. ह्यूगो विंक्लर हा जर्मन विद्वान सर्व पुराणकथांचे मूळ बाबिलोनच्या ग्रहताऱ्यांत आहे, असे हिरिरीने मांडणाऱ्या पंथाचा अग्रणी होता. फ्रान्झ झावेर कुग्लर या जेझुइट (ख्रिस्ती) धर्मगुरूने बाबिलोनचेच खगोलगणित वाचून त्या पंथाची हवा काढली, आणि आज तो पंथ ग्रंथसूचीतच उरला आहे. पण याच विंक्लरने १९०६ मध्ये तुर्कस्तानातल्या बोगाझक्योयला उत्खनन सुरू केले आणि तिथे हित्ती या प्राचीन राज्यकर्त्यांचे दप्तर सापडले. त्यात ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातला, हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नी या शेजारच्या राज्याचा शत्तिवाझा यांच्यातला तह होता, आणि तहाला साक्षी ठेवलेल्या देवतांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य होते. जगाचे मूळ एका जागी शोधणाऱ्या माणसाच्या हाती राजकारणातल्या एका करारातली चार नावे आली. ती चार नावे टिकली. जगाचे मूळ टिकले नाही.

टिळकांचा उल्लेख टाळला तर मराठीत हा विषय अर्धा राहील. १९०३ च्या ग्रंथात त्यांनी वेदांतल्या अनेक दिवस चालणाऱ्या उषा, देवांचे सहा महिन्यांचे दिवस आणि अवेस्तातला यिमावर कोसळलेला हिवाळा यांवरून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेले. तो निष्कर्ष पुढच्या संशोधनाने स्वीकारला नाही. पण टिळक ऋचा देतात, अर्थ देतात आणि वाचकाला तपासायला वाव ठेवतात. त्यांची मूठ उघडी असते. १९१७ च्या एका निबंधात तर ते अथर्ववेदातल्या सर्पविषाच्या सूक्तातले 'तैमात', 'आलिगी', 'विलिगी', 'उरुगूला' हे दुर्बोध शब्द खाल्डियाकडून, म्हणजे बाबिलोनच्या प्रदेशाकडून, आलेले असावेत, असे म्हणतात. त्यांतल्या तैमाताचा संबंध त्यांनी बाबिलोनच्या तिआमत या समुद्रदेवतेशी जोडला. हे मत वादग्रस्त आहे. मला त्यातली मोकळीक आवडते: वेद अपौरुषेय मानणाऱ्या समाजात राहून हा माणूस वेदांनीही उसने घेतले असेल, असे म्हणायला कचरत नाही. मूळ आपल्याच अंगणात असले पाहिजे, हा हट्ट त्या निबंधात तरी नाही.

आता विट्टोबा. एडवर्ड मूर हा कंपनीच्या मुंबईकडच्या सैन्यातला अधिकारी होता आणि हिंदू देवतांवरचा त्याचा सचित्र ग्रंथ १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याकडे मूर्ती आणि चित्रे आणून देणाऱ्या एका माणसाने एकदा हुबेहूब सारख्या दोन मूर्ती आणल्या. हात पसरलेली आकृती, पायाला भोक. हा क्रुसावरचा येशू आहे हे मूरला पाहताक्षणी कळले, पण चेहरा निर्विकार ठेवून त्याने आपल्या पंडिताला विचारले की हा कोणता देव. पंडिताने मूर्ती उलटसुलट करून बराच वेळ पाहिली आणि ती परत देत सांगितले की हा कोणता अवतार ते आपल्याला माहीत नाही. पायाच्या भोकावरून कदाचित विठोबा असेल, पण पुराणांतले असंख्य अवतार लक्षात ठेवणे शक्य नाही. विठ्ठलाच्या पायात बोट रुतल्याची कथा सांगितली जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा तर्क कुठून आला असेल हे सहज सुचेल. मूरने मूर्ती युरोपीय बनावटीची आहे, असे स्पष्ट लिहिले. म्हणजे त्या प्रसंगात दोन्ही माणसे शहाणपणाने वागली होती. एकाने प्रामाणिकपणे माहीत नाही म्हटले, दुसऱ्याने प्रामाणिकपणे ते छापले.

१८३६ मध्ये गॉडफ्री हिगिन्स या इंग्रजाचा सर्व धर्मांचे एक मूळ सांगणारा अवाढव्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याने मूरचे चित्र घेतले, मूरचे मत बाजूला सारले आणि भारतातही देव क्रुसावर गेल्याचा हा पुरावा आहे, असे ठरवले. १८७५ मध्ये अमेरिकेत केर्सी ग्रेव्हजने सोळा तारणहारांची यादी केली तेव्हा त्यात विट्टोबा रीतसर दाखल झालेला होता. पंडिताचा 'कदाचित' वाटेत कुठे गळाला ते कोणाच्या लक्षातही आले नाही. कर कटावर ठेवून विटेवर उभा असलेला, हात पसरण्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा देव, एका मराठी 'असेल बहुधा'वरून इंग्रजी अक्षरांत गेला, इंग्लंडहून अमेरिकेत गेला आणि अमेरिकेतून माझ्या वहीत आला. आणि अभंग ऐकत मोठा झालेला मी त्याला ओळखू शकलो नाही.

काशीचा पंडित आठवला की हा दुसरा पंडितही आठवतो. त्याच्याही समोर साहेबच होता. त्याचे नाव मूरने दिलेले नाही.

वही मी टाकलेली नाही. मध्यंतरी ती पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. रेघेच्या दोन्ही बाजूंना माझे ठसठशीत, शाईतले अक्षर आहे, मधे बरोबरची चिन्हे आहेत, काही ठिकाणी उद्गारचिन्हे आहेत. 'दक्षिणेकडचा?' हे एवढे शिसपेन्सिलीत आहे, आणि त्यापुढचे प्रश्नचिन्ह दोनशे पानांतले एकुलते एक आहे.